चौथीचे दुकान आणि नाणेघाटचा रांजण

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडच्या मुलांच्या अंगात एक वेगळेच वारे शिरते. एरवी पाटी-दप्तर उचलताना हात दुखणारा पोरगा पहाटे उठून मातीच्या पाट्या वाहतो, विटांचे तुकडे गोळा करतो, पोत्याचे तरट भिजवतो आणि दारापुढे किल्ला उभा करतो. बुरूज कोठे, टाके कोठे, माची किती लांब, महाराजांचे सिंहासन कोणत्या तोंडाला, यावर बिल्डिंगमधल्या मुलांची कडाक्याची भांडणे होतात. अळीव कधी पेरले म्हणजे ते लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवेगार उगवेल याचा हिशेब कोणी न शिकवता केला जातो. या सगळ्या खटाटोपाला कोणी गुण देत नाही, प्रगतिपुस्तकात त्याची नोंद होत नाही. आणि तरीही त्या चार दिवसांत मूल जेवढे शिकते, तेवढे चार आठवड्यांच्या घोकंपट्टीत शिकत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हाच उत्साह शाळेच्या चार भिंतींत आणता येईल काय? गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मराठी शाळेच्या चौथीच्या वर्गाने हा प्रयोग केला. माझी नात त्या वर्गात होती आणि ‘मदतनीस आजी’ म्हणून मलाही त्यात लुडबूड करायची मुभा मिळाली. जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

भांडवल रुपये अठराशे

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून बालआनंद मेळावे भरतात. मुले भाजी, भेळ, वडापाव घेऊन बसतात. गावकरी कौतुकाने खरेदी करतात. प्रथा फार चांगली. पण पुष्कळदा असे होते, की आई पहाटे चारला उठून वडे तळते, वडील ते शाळेत पोहोचवतात, आणि मूल नुसते टेबलामागे उभे राहून फोटो काढून घेते. पैसे येतात ते सगळे नफ्याचेच वाटतात; कारण तेल, बेसन आणि आईचे कष्ट हिशेबात धरलेलेच नसतात.

या वर्गाच्या बाईंनी म्हणून तीन नियम घातले. घरून तयार माल आणायचा नाही. देणगी घ्यायची नाही. आणि भांडवल म्हणून जे पैसे आणायचे ते कर्ज समजायचे, दिवाळीआधी परत करायचे. छत्तीस मुलांनी प्रत्येकी 50 रुपये आणले. भांडवल झाले 1,800 रुपये. वर्गाच्या चार पेढ्या पडल्या: पणत्यांची, उटण्याची, रांगोळीची आणि आकाशकंदिलांची.

पुढचे तीन आठवडे वर्गात काय चालले होते म्हणून सांगू! पणतीवाल्यांनी कच्च्या पणत्या आणून रंगवल्या. उटणेवाल्यांनी नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद, वाळा आणि मुलतानी माती यांची प्रमाणे ठरवली. तराजूशी त्यांची अशी गट्टी जमली, की ग्रॅम आणि किलोग्रॅमचे गणित बाईंना पुन्हा शिकवावेच लागले नाही. रांगोळीवाल्यांनी पुड्या बांधायला जुन्या वह्यांची पाने घेतली, तेव्हा कागदाचा खर्च शून्य पडला. कंदीलवाल्यांचा थाट मात्र मोठा. त्यांनी चांगला कागद आणला, सोनेरी झिरमिळ्या आणल्या आणि पंधरा सुरेख कंदील केले. एका कंदिलाला खर्च आला 30 रुपये आणि किंमत ठेवली 60. ‘दुप्पट नफा!’ अशी घोषणाही करून टाकली.

बाजाराच्या दिवशी दुपारी चारपर्यंत त्या पंधरांतले चारच कंदील खपले होते. एव्हाना लोकांनी घरोघर कंदील लावलेले होते. मुलांचे चेहरे रडवेले झाले. तेवढ्यात रांगोळीच्या पेढीवरचा एक मुलगा तिथे आला. त्याची आई मंडईबाहेर भाजी विकते. गणिताच्या वहीत त्याला लाल रेघाच फार मिळत, असे मला नंतर कळले. तो म्हणाला, ‘‘अरे, संध्याकाळ झाली. आता मुद्दल सोडवा. तीसला काढा.’’ भाजीवाल्याच्या पोराला हे ज्ञान पुस्तकातून मिळालेले नव्हते. संध्याकाळची मेथी उद्या कोणी घेत नाही, हे त्याने रोज डोळ्यांनी पाहिलेले होते. त्याचे ऐकून आणखी पाच कंदील तीस-तीस रुपयांना गेले. उरलेले सहा शाळेच्या व्हरांड्यात लागले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिशेब मांडला. पणत्या: खर्च 620, विक्री 1,540. उटणे: खर्च 430, विक्री 1,210. रांगोळी: खर्च 260, विक्री 1,170. कंदील: खर्च 450, विक्री 390, म्हणजे साठ रुपयांचा तोटा. चारही पेढ्या मिळून निव्वळ नफा 2,550 रुपये. ‘तोटा’ हा शब्द उच्चारताना कंदीलवाल्यांचा आवाज बारीक झाला होता. पण वर्ग हसला नाही. ‘‘त्यानं सांगितलं नसतं तर तोटा दोनशे दहा झाला असता,’’ असे एका मुलीने उभे राहून सांगितले, आणि त्या मुलाकडे सगळ्या वर्गाने वळून पाहिले. चौथीच्या चार वर्षांत त्याच्याकडे असे बहुधा पहिल्यांदाच पाहिले गेले असावे.

बाजाराचे गणित आणि पाटीवरचे गणित

हे एकट्या त्या मुलाचे वैशिष्ट्य नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास काही मानसशास्त्रज्ञांनी केला, तो 1985 साली प्रसिद्ध झाला. गाडीवर उभे राहून जी बेरीज-गुणाकार ती मुले तोंडी अचूक करीत, तीच उदाहरणे कागदावर मांडून दिली की चुकत. अगदी अलीकडे, 2025 साली, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेले संशोधन प्रसिद्ध झाले आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर ते आहे. निष्कर्ष तोच: बाजारातले मूल चटकन तोंडी हिशेब करते, पण शाळेच्या पद्धतीचे गणित दिसले की अडते. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू आपण पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. शाळेत जाणारी मुले, जी वहीतली उदाहरणे सोडवतात, ती बाजारातल्या साध्या हिशेबाला अडखळतात.

म्हणजे आपण एकाच ज्ञानाच्या दोन पेट्या करून ठेवल्या आहेत, आणि एकीची किल्ली दुसरीला लागत नाही. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत असत. घोकणे कंटाळवाणे खरे. पण त्या कोष्टकांचा बाजाराशी थेट संबंध होता. सव्वा पायली ज्वारीचा भाव पोराला दुकानात उभ्याउभ्या सांगता येई. 1957 च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली, त्यामागून मेट्रिक मापे आली, आणि ती कोष्टके मागे पडली. ते योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर बाजाराशी असलेला शाळेचा संबंधही तुटला, तो काही योग्य झाला नाही.

वर्ध्याचा तो वाद

मुलांच्या हाती काम आणि पैसा द्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे नवा नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेले, अशी ती कल्पना. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. त्या आराखड्यातील साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे एकट्या उद्योगासाठी राखून ठेवली होती! सूत कातता कातता गणित, कापसाबरोबर भूगोल, वस्त्राबरोबर इतिहास, असा तो बेत. तीच पुढे ‘नई तालीम’ म्हणून सेवाग्रामात रुजली.

मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या मुद्द्यावर मात्र टीकेचे मोहोळ उठले. शाळेचा कारखाना होईल, कोवळ्या मुलांना मजुरीला जुंपल्यासारखे होईल, असे त्या वेळच्या जाणत्या लोकांनी बजावले. ती भीती खोटी नव्हती. आजही चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तसाच तो असावा.

आमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी पालकसभेत नेमका हाच सवाल केला. ‘‘या वयात पैशाची चटक कशाला? नफा-तोटा आयुष्यभर आहेच. अभ्यासाचे तीन आठवडे गेले.’’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘मुलांनी पैसे मिळवावेत म्हणून हा बाजार नाही. पैसा कसा येतो आणि कसा जातो ते कळावे म्हणून आहे. आता या अडीच हजारांचे काय करायचे, ते मुलेच ठरवणार आहेत. तुम्ही मागच्या बाकावर बसून नुसते ऐका.’’

नफा कोणाचा?

डिसेंबरात वर्गाची सहल ठरली होती. बस, जेवण धरून खर्च 21,600 रुपये. म्हणजे डोईला 600. बत्तीस मुलांनी नावे दिली होती, चौघांनी दिली नव्हती. कारण कोणी विचारले नाही आणि ते कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही.

नफ्याबद्दल पहिली सूचना आली ती सरळ वाटून घेण्याची. प्रत्येकी सत्तर रुपये आणि वर काही पैसे. दुसऱ्याने सांगितले, सहलीची वर्गणी सत्तर रुपयांनी सगळ्यांचीच कमी करा. ही सूचना सर्वांना न्याय्य वाटली. मत घेणार तोच एक मुलगी म्हणाली, ‘‘पण ज्याला सहाशे जमत नाहीत, त्याला पाचशे तीस तरी कुठून जमतील? मग कमी करून उपयोग काय?’’

वर्ग गप्प झाला. ज्या पालकांनी अभ्यास बुडाल्याची तक्रार केली होती, तेही मागे गप्प होते. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांत अंतर असते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कोठे तरी छापलेले असेल; इथे ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर प्रत्यक्ष उभे होते. मग कोणी म्हणाले, त्या चौघांचे पैसे नफ्यातून भरू. चार सहाशे चोवीसशे, नफा अडीच हजारांच्या वर, बरोबर बसते. गणित अचूक होते. पण भाजीवालीचा तो मुलगा खाली मान घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्या चौघांत तो होता. कालचा व्यापारी आज एका क्षणात उपकाराचा धनी व्हायला निघाला होता.

बाईंनी ते पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘कोणी किती दिले हे कोणालाच कळले नाही तर?’’ पुढचा मार्ग मुलांनीच काढला. वर्गात एक मातीचा माठ ठेवायचा. सर्वांनी, अगदी छत्तीसच्या छत्तीस जणांनी, बंद पाकिटात जमतील तेवढे पैसे घालून ते त्यात टाकायचे. पाकिटावर नाव नाही. ज्याला जास्त जमेल त्याने जास्त टाकावे. जे कमी पडेल ते नफ्यातून भरायचे. शुक्रवारी माठ उघडला, तेव्हा 19,340 रुपये निघाले. नफ्याचे 2,550 मिळवून झाले 21,890. सहलीचा खर्च भागून 290 रुपये उरले. छत्तीस मुले बसमध्ये बसली, आणि कोणी कोणाच्या पैशाने आला हे त्या बसमध्ये कोणालाही सांगता आले नसते.

दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब

चौथीची सहल म्हणजे शिवनेरी, सिंहगड किंवा रायगड, असे आपले समीकरण. महाराजांचा इतिहास त्याच वर्षी शिकायचा असतो, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण एका दिवसात तीन गड आणि दोन देवळे ‘उरकणारी’ सहल मुलांच्या लक्षात राहते ती बसमधल्या भेंड्यांपुरती. बाईंनी एकच ठिकाण निवडले आणि तेही बाजारवाल्या वर्गाला शोभेसे: जुन्नरजवळचा नाणेघाट.

सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातून चढणारा व्यापारी माल या घाटाने देशावर येई आणि जुन्नरवरून पुढे पैठण, तेरकडे जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वाटपुस्तकात कल्याण, पैठण आणि तेर या तिन्ही गावांचे उल्लेख आहेत. घाटावर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार गड. बस पठारावर थांबते. तिथून दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीत शिरून दगडी पायऱ्यांनी थोडे खाली उतरले, की कोरीव लेणे लागते. खाली कोकण पसरलेले दिसते. मुलांच्या दोन रांगा, मध्ये मोठी माणसे, आणि कड्याकडे कोणी जायचे नाही अशी सक्त ताकीद!

खिंडीच्या तोंडाशी एक भला थोरला दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने यात जकातीची नाणी टाकायची, असे सांगतात. मुलांनी त्याला गराडा घातला. ‘‘बाई, हा तर आपला माठ!’’ कोणी ओरडले. लगेच दुसऱ्याचा प्रश्न: ‘‘पण यांनी जकात का द्यायची? माल तर यांचा.’’ झाले! पायऱ्या कोणी खोदल्या, टाक्यांतले पाणी कोणासाठी, चोरांपासून रक्षण कोण करी, अशी चर्चा तिथेच जुंपली. कर म्हणजे काय हे मोठ्या माणसांना तरी इतके सोपे करून कोणी सांगितले आहे?

लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला मोठा लेख आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा, सातवाहन राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेला. राजाने केलेले अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. कर्नल साइक्सने 1828 साली या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या अंकांचा उलगडा केला. आपल्या देशातील अंकांचे अतिशय जुने कोरीव नमुने या भिंतीवर आहेत.

अक्षरे पुष्कळ झिजली आहेत. म्हणून बाईंनी त्या अंकांच्या आकृत्या कागदावर काढून आणल्या होत्या. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. दहाला स्वतंत्र चिन्ह, शंभराला स्वतंत्र, हजाराला स्वतंत्र. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. मुले वाळूत बोटांनी गिरवू लागली. थोड्या वेळाने एकाने विचारले, ‘‘शून्य कसं लिहायचं?’’

‘‘या भिंतीवर शून्य नाही,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मग आपला नफा कसा लिहिणार?’’

उत्तर शोधायला पाच मिनिटे लागली. दोन हजारांचे एक चिन्ह, पाचशेचे एक, पन्नासाचे एक. तीन चिन्हे शेजारी ठेवली, की झाले दोन हजार पाचशे पन्नास. शून्याची गरजच पडत नाही! ‘‘पण गुणाकार कसा करत असतील?’’ हा प्रश्न भाजीवालीच्या मुलाने विचारला. ‘‘तू कसा करतोस? वहीशिवाय?’’ असे बाईंनी त्यालाच विचारले. तो हसला. शून्याचे आणि अंकाच्या स्थानाचे मोल काय, हे त्या दिवशी त्या छत्तीस मुलांना जसे कळले, तसे मला माझ्या शाळेत कळल्याचे आठवत नाही.

आपण काय करावे?

असले प्रयोग केवळ एखाद्या हौशी बाईंच्या जिवावर चालावेत, हे खरे नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्यात स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी सुचवली आहे. चांगली गोष्ट आहे. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी बालकांसाठी शाळा चालवल्या, त्या कागदी आदेशाची वाट पाहून नव्हे. पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे साहित्य होते; आणि जी मुले शाळेत येत नाहीत त्यांच्या अंगणात, कुरणावर शाळाच चालत गेली.

उद्योग आणि सहली यांनी पुस्तकाची जागा घ्यावी, असे मी म्हणत नाही. भाजीवालीच्या मुलाला तोंडी हिशेब येत होता, तरी तो कागदावर मांडायला त्याला शिकावे लागलेच; बाईंनी डिसेंबरानंतर त्याच्याकडून वर्गाचे खातेपुस्तक लिहून घेतले, आणि त्याच्या वहीतल्या लाल रेघा हळूहळू कमी झाल्या. एकदम नाहीशा झाल्या नाहीत. ‘तोंडी केलेले खाली उतरव,’ एवढाच मंत्र त्या त्याला देत.

पालकांना मात्र दोन शब्द सांगावेसे वाटतात. येत्या सुट्टीत फराळाचे सामान आणायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या आणि शंभर रुपयांचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. चुकला तर चुकू द्या. पाच-दहा रुपयांत याहून स्वस्त शिकवणी मिळणार नाही. गावी जाल तेव्हा वाटेवरच्या एकाच जुन्या जागी थांबा. एखादी बारव, वेस, पडका वाडा किंवा लेणे. तिथे तासभर घालवा आणि मुलाने प्रश्न विचारला की लगेच उत्तर देऊ नका. त्या चौथीच्या बाई तसेच करीत. प्रश्न विचारणाऱ्यालाच त्या विचारीत, ‘‘तुला काय वाटते?’’ आणि मग उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागो, थांबत.